युरेनियमची वडी आणि घाईची भट्टी

घरातील औषधांच्या कपाटात ज्या बाटल्या व गोळ्या असतात, त्यांच्यावर मुदत छापलेली असते आणि ती महिन्यांची वा वर्षांची असते. परंतु बंगळूरसारख्या शहरातील मोठ्या रुग्णालयांत असे एक औषध वापरात आहे की ज्याची मुदत तासांत मोजावी लागते. सकाळी नऊ वाजता ते जेवढे असेल, त्याच्या निम्मेच दुपारी तीन वाजता उरते आणि रात्री नऊ वाजता त्याचेही निम्मे. ते साठवून ठेवता येत नाही. शीतपेटीत ठेवले तरी त्याचा ऱ्हास थांबत नाही. या औषधाचा प्राण म्हणजे टेक्नेशियम-९९एम नावाचा किरणोत्सर्गी समस्थानिक होय.

हे औषध शिरेतून टोचले, की ते ज्या द्रव्याशी जोडलेले असेल त्या द्रव्याच्या स्वभावाप्रमाणे शरीरात ठरावीक ठिकाणी जाऊन बसते. एका द्रव्याशी जोडले तर हाडांत, दुसऱ्याशी जोडले तर हृदयाच्या स्नायूंत, तिसऱ्याशी जोडले तर मूत्रपिंडांत. तेथून ते गॅमा किरण बाहेर टाकते आणि शरीराबाहेर ठेवलेला कॅमेरा त्या किरणांवरून चित्र उभे करतो. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या भगिनीच्या हाडांत रोग उतरला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांना अशा चित्रावरून मिळते आणि पुढील उपचार त्यावर ठरतात. चाचणी आटोपल्यावर थोड्याच वेळात किरणोत्सर्ग ओसरतो. म्हणजे जे अल्पायुष्य साठवणुकीच्या दृष्टीने अडचणीचे, तेच रोग्याच्या दृष्टीने हिताचे ठरते. अणुवैद्यकातील निदानाच्या चाचण्यांपैकी सुमारे चार-पंचमांश चाचण्या जगभरात एकट्या टेक्नेशियमवर होत आल्या आहेत.

हे औषध एका लांब साखळीतून येते. तिच्या पहिल्या कड्याची ओळख आज या सदरातून करून घ्यावयाची आहे. ते कडे म्हणजे युरेनियमची एक लहानशी वडी किंवा पट्टी आणि ती तयार करण्याची रीत. ही वडी भट्टीत दिवसभर भाजावी की काही मिनिटांत उरकावी, असा प्रश्न आज धातुशास्त्रज्ञांपुढे आहे. वरवर पाहता हा कारखान्यातील प्रश्न दिसतो. परंतु त्याचा एक धागा रुग्णालयातील खाटेपर्यंत आणि दुसरा अण्वस्त्रांच्या प्रश्नापर्यंत पोचलेला आहे.

गाय आणि तिची धार

सहा तासांत निम्मा होणारा पदार्थ दूरच्या शहरी पाठविणे परवडत नाही. म्हणून टेक्नेशियम न पाठविता त्याची जननी पाठविली जाते. मॉलिब्डेनम-९९ हे तिचे नाव. तिचे अर्धायुष्य सुमारे ६६ तासांचे आहे आणि तिचा ऱ्हास होत असता तिच्यातून टेक्नेशियम सतत जन्मास येत राहते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी या दोघांना सहज वेगळे करणारे एक सुटसुटीत उपकरण तयार केले. ॲल्युमिनाची भुकटी भरलेल्या नळीत मॉलिब्डेनम घट्ट धरून ठेवलेले असते. नळीतून मिठाचे निर्जंतुक पाणी सोडले की केवळ टेक्नेशियम त्याबरोबर वाहून येते आणि जननी जागच्या जागी राहते. या उपकरणास जनरेटर म्हणतात. परंतु तंत्रज्ञांनी त्याला कौतुकाने ‘गाय’ असे नाव दिले आणि टेक्नेशियम काढण्याच्या क्रियेला ‘धार काढणे’ म्हटले. हे रूपक मोठे समर्पक आहे. आज सकाळी धार काढली तर उद्या सकाळपर्यंत ती गाय पुन्हा भरते. मात्र आठवडाभरात तिचे दूध आटत जाते आणि गोठ्यात नवी गाय यावी लागते.

याचा अर्थ असा की, मॉलिब्डेनमचीही कोठी भरून ठेवता येत नाही. ते दर तासाला सुमारे एक टक्का आणि दर दिवसाला सुमारे बावीस टक्के कमी होते. सहा दिवस वाटेत गेले तर रुपयातील जेमतेम बावीस पैसे हाती उरतात. म्हणून त्याचे उत्पादन आठवड्यामागून आठवडा, खंड न पडता, चालू ठेवावे लागते.

खंड पडला तर काय होते, हे जगाने पाहिले आहे. कॅनडातील चॉक रिव्हर येथील एनआरयू ही अणुभट्टी २००९ च्या मे महिन्यात गळतीमुळे बंद पडली, ती २०१० च्या ऑगस्टपर्यंत पुन्हा चालू झाली नाही. मध्यंतरी २०१० च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधील पेटन येथील अणुभट्टीही दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली. जगातील मॉलिब्डेनमचा फार मोठा भाग या दोन जुन्या भट्ट्यांवर अवलंबून होता. ठिकठिकाणच्या रुग्णालयांना चाचण्या पुढे ढकलाव्या लागल्या किंवा दुसरे, कमी सोयीचे समस्थानिक वापरावे लागले. चॉक रिव्हरची ती भट्टी २०१८ च्या मार्चअखेर कायमची बंद झाली. ज्या देशाला आपल्या रोग्यांची निश्चिंती हवी असेल, त्याने हे उत्पादन स्वतःही करावयास शिकले पाहिजे, एवढा धडा त्या दोन वर्षांनी दिला.

बंगळूर आणि ट्रॉम्बे

आपल्या देशात ही विद्या रुजली तिच्या मुळांपैकी एक बंगळूरात आहे. १९३९ मध्ये सुटीसाठी मायदेशी आलेले होमी भाभा महायुद्धामुळे परत जाऊ शकले नाहीत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या विभागात काम करू लागले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभ १९४५ मध्ये झाला, तोही प्रथम याच संस्थेच्या आवारात. त्या वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस गेली. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. त्या मानाने ब्रह्मप्रकाश यांचे नाव कमी घेतले जाते. ते धातुशास्त्रज्ञ. १९५१ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेच्या धातुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. काही वर्षे तेथे विद्यार्थी घडवून ते मुंबईजवळील ट्रॉम्बे येथे अणुशक्तीच्या कामासाठी गेले. ट्रॉम्बेच्या कारखान्यात १९५९ च्या जानेवारीत अणुभट्टीस योग्य अशा शुद्ध युरेनियमची पहिली लगड तयार झाली आणि १९६० च्या जुलैत चालू झालेल्या सायरस अणुभट्टीच्या पहिल्या इंधनापैकी जवळजवळ निम्मे याच देशात घडविले गेले. पुढे हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सच्या उभारणीतही ब्रह्मप्रकाश यांचा मोठा वाटा होता.

अणूचे पोट फोडून शक्ती मिळते, हे गणित पदार्थविज्ञान सांगते. परंतु ज्या धातूतील अणू फोडावयाचे, तो धातू शुद्ध, एकजीव आणि हव्या त्या आकाराचा करून देणे हे धातुशास्त्रज्ञाचे काम. आजच्या आपल्या विषयाचा सगळा भर याच कामावर आहे.

किरणोत्सर्गी औषधे तयार करून देशभरच्या रुग्णालयांना पुरविण्यासाठी अणुऊर्जा विभागाने १९८९ मध्ये ‘ब्रिट’ ही संस्था स्थापन केली. नवी मुंबईत वाशी येथे तिचे मोठे केंद्र आहे. तेथील पेटी विमानाने बंगळूरला पोचते तेव्हा शिशाच्या जाड कवचाआड तिच्यातील मॉलिब्डेनम क्षणाक्षणाला कमी होतच असते.

मॉलिब्डेनम मिळविण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट अशी की, साध्या मॉलिब्डेनमची भुकटी अणुभट्टीत ठेवावयाची आणि न्यूट्रॉन शोषून तिच्यातील काही अणू किरणोत्सर्गी होऊ द्यावयाचे. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीचा उपयोग करून आपल्या शास्त्रज्ञांनी ही वाट यशस्वीपणे चोखाळली. तिच्यात किरणोत्सर्गी कचरा फारच थोडा होतो. परंतु ढीगभर साध्या मॉलिब्डेनममध्ये किरणोत्सर्गी अणू विरळ विखुरलेले राहतात, त्यामुळे लहान नळीची सुटसुटीत गाय बनविता येत नाही आणि रासायनिक द्रवाने टेक्नेशियम वेगळे करण्याची अधिक खटपट करावी लागते.

दुसरी वाट युरेनियमची. युरेनियम-२३५ च्या शंभर अणूंचे विखंडन झाले, तर त्यांतून मॉलिब्डेनम-९९ चे सुमारे सहा अणू मिळतात. सहा हा आकडा लहान वाटला, तरी हे मॉलिब्डेनम साध्या मॉलिब्डेनमच्या भेसळीपासून जवळजवळ मुक्त असते आणि इवल्याशा नळीत मावते. जगातील बहुतेक मॉलिब्डेनम याच वाटेने येते. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ब्रिट यांनी ट्रॉम्बे येथे अशा विखंडनजन्य मॉलिब्डेनमचा कारखाना उभारण्याचे काम हाती घेतले, ते याच कारणाने. त्यानंतर २०२० च्या मे महिन्यात केंद्रीय अर्थमंत्र्यांनी वैद्यकीय समस्थानिकांसाठी खाजगी भागीदारीतून एक संशोधन अणुभट्टी उभारण्याचा निर्णयही जाहीर केला.

टार्गेट म्हणजे काय?

भट्टीत न्यूट्रॉनांचा मारा झेलण्यासाठी जो युरेनियमचा तुकडा ठेवतात, त्याला टार्गेट म्हणतात. तो ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादाच्या आवरणात हवाबंद केलेला असतो. पाच ते सात दिवस मारा झाला की तो बाहेर काढतात, जाड भिंतींच्या कोठडीत यांत्रिक हातांनी कापतात, रसायनात विरघळवितात आणि त्या द्रावणातून मॉलिब्डेनम वेगळे करतात.

अनेक वर्षे या टार्गेटांसाठी नव्वद टक्क्यांहून अधिक समृद्ध केलेले युरेनियम वापरले जात असे. अशाच युरेनियमचा अणुबॉम्बही होतो. रोग्याच्या औषधासाठी बॉम्बचा माल देशोदेशी वाहून न्यावा, ही गोष्ट धोक्याची होती. म्हणून युरेनियम-२३५ चे प्रमाण वीस टक्क्यांहून कमी असलेले युरेनियम वापरावे, असा प्रयत्न जगभर सुरू झाला. अर्जेंटिनाने २००२ मध्ये हा बदल केला. दक्षिण आफ्रिकेने २०१० मध्ये अशा मॉलिब्डेनमचा मोठ्या प्रमाणावर पुरवठा सुरू केला. बेल्जियममधील उत्पादकाने २०२३ मध्ये आपले परिवर्तन पुरे केले.

परंतु या सद्हेतूची किंमत धातुशास्त्रज्ञाला मोजावी लागते. पूर्वी शंभर भाग युरेनियममध्ये ९३ भाग उपयोगी असत, आता विसांहूनही कमी. तेवढेच मॉलिब्डेनम हवे असेल तर जवळजवळ पावणेपाचपट युरेनियम टार्गेटमध्ये घालावे लागते. अणुभट्टीतील टार्गेटची जागा मात्र तेवढीच राहते. ठरावीक मापाच्या डब्यात पावणेपाचपट धान्य भरावयाचे असेल तर ते दाबून भरणे किंवा अधिक जड धान्य निवडणे, एवढेच उपाय उरतात. युरेनियम आणि ॲल्युमिनियम यांचे जे संयुग पूर्वीपासून वापरात आहे, त्याची घनता पाण्याच्या सात-आठ पट. तेही ॲल्युमिनियमच्या भुकटीत मिसळून पट्टी लाटली जाते. युरेनियम डायऑक्साइडची घनता जवळजवळ अकरा, युरेनियमच्या एका सिलिसाइडची बारांहून थोडी अधिक आणि निव्वळ धातूची एकोणीस. या अधिक भरीव द्रव्यांपासून टार्गेट बनवावयाचे, तर त्यांतील काहींसाठी भुकटी दाबून ती भट्टीत भाजण्याची विद्या कामी येते. तिला कारखान्यात सिंटरिंग म्हणतात.

न वितळता एकजीव

कापराची वडी सर्वांच्या परिचयाची आहे. कापराची पूड साच्यात दाबली की वडी होते; पण ती बोटांनी सहज चुरगळता येते, कारण कण केवळ जवळ आलेले असतात, जोडले गेलेले नसतात. युरेनियम डायऑक्साइडची भुकटी साच्यात दाबली की प्रथम अशीच कच्ची वडी तयार होते. तिच्यात जवळजवळ अर्धी जागा पोकळच असते.

आता बर्फाच्या गोळ्याचे उदाहरण घेऊ. किसलेला बर्फ थोडा वेळ तसाच ठेवला, तर तो न वितळताही घट्ट होऊ लागतो. दोन कण जेथे टेकतात तेथे अणू हळूहळू सरकून एक पूल बांधतात. पूल रुंद होतो, मधली पोकळी आकसते. भुकटीचा पृष्ठभाग अफाट असतो आणि तो कमी करण्याकडे निसर्गाचा कल असतो, म्हणून हे घडते. युरेनियम डायऑक्साइड सुमारे २८५० अंश सेल्सियसला वितळते. त्याच्या अणूंना असे सरकावयास लावण्यासाठी वडी हायड्रोजनयुक्त वातावरणात सुमारे १७०० अंशांवर काही तास ठेवावी लागते. बाहेर पडते तेव्हा ती आकाराने लहान, रंगाने काळसर आणि काचेसारखी कठीण झालेली असते. तिची घनता पूर्ण भरीव द्रव्याच्या पंचाण्णव टक्क्यांवर पोचलेली असते. आपल्या वीजकेंद्रांतील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांसाठी हैदराबादला इंधनाच्या वड्या याच रीतीने भाजल्या जातात.

या रीतीत वेळ फार जातो. उष्णता भट्टीच्या भिंतींपासून वडीत शिरते. ती भराभर वाढविली तर वडीचा बाहेरचा भाग आधी आकसतो आणि तडे जातात. म्हणून तापविणे सावकाश, टिकविणे काही तास आणि निवविणेही सावकाश. सगळे मिळून दिवस उलटतो.

घाईच्या तीन रीती

गेल्या काही दशकांत ही वाट जवळ करण्याच्या अनेक युक्त्या निघाल्या. त्यांपैकी तीन ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिलीत भुकटी ग्रॅफाइटच्या साच्यात घालून वरून दाब देतात आणि साच्यातून विजेचा जोरदार प्रवाह ठोक्याठोक्याने सोडतात. साचाच तापतो, दाब कणांना जवळ ढकलतो आणि काम मिनिटांत उरकते. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग हे तिचे प्रचलित नाव. अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात या रीतीने युरेनियम डायऑक्साइडच्या वड्या सुमारे १०५० अंशांवर, तेथे मिनिटभरही न ठेवता, पुरेशा भरीव करता आल्या. नेहमीच्या भट्टीपेक्षा हे तापमान कितीतरी कमी आहे.

दुसरी रीत कोलोरॅडो विद्यापीठातील ऋषी राज आणि त्यांचे सहकारी मार्को कोलोन्या यांच्या २०१० मधील प्रबंधाने प्रसिद्धीस आली. झिर्कोनियाच्या तुकड्याला दोन बाजूंनी विजेची तार जोडून तो भट्टीत तापवीत नेला, तेव्हा ८५० अंशांच्या सुमारास त्याच्यातून एकाएकी प्रवाह वाहू लागला, तो उजळला आणि पाच सेकंदांच्या आत भरीव झाला. या क्रियेला फ्लॅश सिंटरिंग म्हणतात. नंतरच्या वर्षांत युरेनियम डायऑक्साइडवरही हा प्रयोग करून पाहण्यात आला.

तिसऱ्या रीतीचे वृत्त २०२० मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातून आले. कार्बनच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये सिरॅमिकची कच्ची वडी ठेवून पट्ट्यांतून वीज सोडली असता, दहा सेकंदांच्या आसपास वडी भाजून निघते.

घाई कशासाठी?

येथे विचारी वाचकाच्या मनात एक शंका येईल. मॉलिब्डेनम तासाला एक टक्का कमी होते, म्हणून भट्टीतील काम झटपट व्हावे, असे तर नव्हे ना? तसे मुळीच नाही. टार्गेट अणुभट्टीत जाईपर्यंत त्यात मॉलिब्डेनम-९९ चा अणूही नसतो. युरेनियमचे आयुष्य कोट्यवधी वर्षांचे. ते भट्टीत चोवीस तास राहिले काय आणि चोवीस मिनिटे राहिले काय, त्याचे काही वजा होत नाही. साखळीतील काळाची घाई अणुभट्टीतून टार्गेट बाहेर काढल्याक्षणी सुरू होते, त्याआधी नाही.

मग वेगाने मिळते काय? मुख्य लाभ म्हणजे कणांच्या आकारावर येणारा ताबा. वडी तापत असता तिच्यात दोन क्रिया एकाच वेळी चालतात. एक, पोकळ्या बुजतात. ती आपल्याला हवी असते. दुसरी, मोठे कण लहान कणांना गिळून अधिक जाड होतात. ती बहुधा नको असते. कमी तापमानाच्या टप्प्यात दुसरी क्रिया पहिलीच्या मानाने अधिक चालते. हा टप्पा झटकन ओलांडला आणि वरच्या तापमानालाही फार वेळ थांबले नाही, तर वडी भरीव होते आणि तिचे कण मात्र बारीक राहतात. सावकाश भाजणीत हे साधत नाही.

बारीक कणांचा उपयोग कोठे होतो, याचे स्पष्ट उदाहरण जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आहे. तेथे २०१७ च्या अखेरीस मेडिसिस ही योजना सुरू झाली आणि ती वैद्यकीय संशोधनासाठी नवनवे समस्थानिक पुरविते. तेथील टार्गेटांपैकी काही युरेनियम कार्बाइडची असतात. ती विरघळवीत नाहीत. खूप तापवितात आणि आत निर्माण झालेले अणू कणांतून सरकत बाहेर येण्याची वाट पाहतात. कण मोठा असेल तर अणूला बाहेरची वाट लांब पडते आणि तो वाटेतच नष्ट होतो. तेथे कण बारीक ठेवणे हाच टार्गेट बनविण्यातील मुख्य कस असतो.

मॉलिब्डेनमच्या टार्गेटात प्रश्न थोडा निराळा आहे. ते विरघळावे लागते. ॲल्युमिनियमयुक्त टार्गेट दाहक सोड्यात विरघळते, तर युरेनियम डायऑक्साइडला नायट्रिक आम्ल लागते. वडी जितकी भरीव आणि कठीण, तितकी ती आम्लाला सावकाश दाद देते. युरेनियम जास्त बसावे म्हणून वडी अगदी भरीव केली आणि त्यामुळे विरघळविण्यास दोन तास अधिक लागले, तर हाती आलेल्या मॉलिब्डेनमपैकी दोन टक्के त्या पात्रातच गेले. म्हणून भट्टीतील निर्णय करताना पुढच्या कोठडीतील घड्याळाकडे पाहावे लागते. किती भरीव, किती सच्छिद्र आणि किती बारीक कणांची वडी हवी, हे आधी ठरवून ती नेमकी तशीच बनविता यावी, यासाठी वेगवान रीती धातुशास्त्रज्ञाच्या हाती एक नवे साधन देतात. कमी तापमान आणि थोडा वेळ यांमुळे भट्टीही लहान लागते. युरेनियमची सूक्ष्म भुकटी हवेत पेट घेऊ शकते आणि ती फुप्फुसांत जाऊ देणेही धोक्याचे, म्हणून तिचे बरेचसे काम हातमोजे बसविलेल्या बंद पेटीत चालते. अशा पेटीत मावणारी लहान भट्टी ही काही लहानसहान सोय नव्हे.

अडचणी

या रीतींचे गुणगान करताना त्यांच्या अडचणी झाकून ठेवणे बरे नव्हे. ग्रॅफाइटच्या साच्यातील कार्बन युरेनियमच्या पृष्ठभागाशी संयोग पावतो आणि वडीचा बाहेरचा थर बदलतो. फ्लॅशच्या रीतीत विजेचा प्रवाह सर्वत्र सारखा वाहीलच असे नाही; जेथे तो एकवटतो तेथे वडी अधिक तापते, एक बाजू भाजून निघते आणि दुसरी कच्ची राहते. शिवाय या बहुतेक प्रयोगांत एका वेळी एक लहानसा नमुना घेतलेला असतो. नेहमीच्या भट्टीत मात्र ट्रेमागून ट्रे भरून शेकडो वड्या एकाच तापात निघतात. एकेक वडी मिनिटात काढणारी भट्टी दिवसाच्या हिशेबाने जुन्या भट्टीपुढे हरूही शकते.

आणि टार्गेटच्या बाबतीत सारखेपणाला फार मोल आहे. अणुभट्टीत विखंडन सुरू झाले की वडी आतून तापते. ती उष्णता वडीतून आवरणात आणि आवरणातून पाण्यात जावयास हवी. एखाद्या वडीत पोकळी एकीकडे गोळा झाली तर तेथे उष्णता अडते, वडी तडकते आणि आवरणावर ताण येतो. आवरण फुटले तर किरणोत्सर्गी वायू बाहेर येतात आणि भट्टी थांबवावी लागते. भट्टी थांबली की त्या आठवड्याचा मॉलिब्डेनम गेला. म्हणून अणुभट्टीचे चालक नवी वडी सहजासहजी स्वीकारत नाहीत. ती कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, प्रथम थोडा काळ आणि मग पूर्ण काळ न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवून तिची पारख केली जाते. सेकंदांत भाजलेल्या वडीची परीक्षा वर्षानुवर्षे चालते. जगातील रोजचे उत्पादन आज मुख्यतः लाटलेल्या पट्ट्यांच्या टार्गेटांवर चालते आणि वेगवान भाजणीचे काम बहुतांशी प्रयोगशाळांतच आहे, याचे कारण येथे आहे.

तेव्हा घाई कोठे करावी आणि कोठे करू नये, हा विवेक या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी आहे. वडी बनविण्यास कितीही वेळ लागला तरी चालेल, पण ती अशी बनली पाहिजे की पुढे कोणालाही थांबावे लागणार नाही. भट्टीतील सेकंद वाचविण्याचे खरे सार्थक पुढचे तास वाचविण्यात आहे. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतून वस्तू बाहेर पडली की रसायनशास्त्रज्ञ, पेटी बांधणारा कामगार, विमानतळावरचा हमाल आणि रुग्णालयातील तंत्रज्ञ हे सारे एकाच घड्याळाशी बांधले जातात. त्या घड्याळाला सुट्टी नसते आणि ते उलटे फिरत नाही.

आपल्या कुटुंबात कोणाला अशी चाचणी सांगितली गेली, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दिलेल्या वेळेस पोचावे, कारण आपल्या नावाने काढलेली धार दुपारपर्यंत निम्मी होते. आणि औषध आले नाही म्हणून चाचणी पुढे ढकलली, असे कोणी सांगितले, तर ती सबबच असेल असे समजू नये. शेकडो कोस दूर असलेल्या एका भट्टीत कोठेतरी साखळी अडली असण्याचा संभव असतो. ती अडू नये म्हणून बंगळूरच्या धातुशास्त्र विभागातून ब्रह्मप्रकाश ट्रॉम्बेस गेले त्या काळापासून आपल्याकडे जी माणसे भुकटी, साचा आणि भट्टी यांच्यापाशी चिकाटीने उभी राहिली, त्यांचे काम रोग्याला कधी दिसत नाही. त्याच्या हाती पडते ते केवळ हाडांचे एक चित्र आणि डॉक्टरांचा निर्णय.